बाबांचं ‘उतरवा’

उपासाचे दिवस आणि हळदीचे दिवस आमच्या घरात एकदमच यायचे, आणि त्यांचं आपसात कधी पटलं नाही. एकीकडे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा आम्हा ख्रिस्ती लोकांचा लेंट. म्हणजे मटण बंद, गोड बंद, नवे कपडे बंद, हसणंसुद्धा जरा बेतानंच. दुसरीकडे पनवेल-उरणच्या गावागावांत लग्नसराई, आणि लग्नापेक्षा मोठी हळद. बँजो, नाच, मटणाचे टोप, अंगणभर पिवळी झालेली माणसं. या सगळ्यावर जो मांडव असायचा तो आमचा. बाबांचा मंडपाचा धंदा होता. त्यामुळे घरात बाबा डोळे मिटून पश्चात्तापाची प्रार्थना करत असायचे आणि तेवढ्यात फोन वाजायचा, शेट, झालर लाल पायजे, मागच्यासारखी गुलाबी नको.

यंदाही मार्च लागला तसं गोडाऊनचं शटर दिवसभर वर राहायला लागलं आणि आमच्या गल्लीत कनातींचा वास पसरला. हा वास नेमका कसा, ते सांगणं अवघड आहे. थोडी धूळ, थोडी सुतळी, कुठल्यातरी पंगतीत सांडलेलं तेल, आणि ओलं राहून मग वाळलेलं कापड. मला तो अजूनही आवडतो. शाळेतून येताना मी मुद्दाम गोडाऊनवरून येते. आई दारात खुर्ची टाकून बसलेली असते, डोक्यावरून नव्या विमानतळाकडे एखादं विमान खाली खाली जात असतं आणि आई मान वर करून बघते. आजूबाजूच्या लोकांना वाटतं, म्हातारीला विमानाचं कौतुक आहे. कौतुक कसलं! विमान उतरतं म्हणतात ना, त्या ‘उतर’ची तिला धास्ती आहे. का, ते सांगायचं तर बाबांच्या शेवटच्या लेंटकडे जावं लागेल.

बाबांचं नाव शमुवेल. गावांना ते नाव काही पेललं नाही, तिथे ते शामू शेट झाले. नगरकडच्या कोरड्या मुलखातून ते तरुणपणी पनवेलला आले, दुसऱ्याच्या मांडवांचे बांबू बांधले, आणि हळूहळू स्वतःचे बांबू घेतले. माणूस तसा कडक. वाकडा खांब आणि खोटं बोलणं, दोन्हींचा त्यांना सारखाच राग यायचा. पण प्रार्थनेला बसले की विरघळायचे. रात्रीच्या जेवणाआधी ते देवाला सगळ्या ऑर्डरी सांगायचे. ज्या घरी मांडव उभा असेल त्या घरच्या नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, आणि तिथे वारा कुठून येतो तेसुद्धा. “बापा, करंजा गावचा मांडव अगदी खाडीच्या तोंडावर आहे, तुला दिसतोच आहे.” वरण थिजून जायचं. आई एक डोळा उघडून म्हणायची, “त्याला पत्ता ठाऊक आहे, आता आमेन म्हणा.” बाबा आमेन म्हणायचे, पण जरा फुगूनच.

माझ्या दहावीच्या वर्षी मागच्या गल्लीत हळद होती. मांडव आमचाच, आणि बांबूवर चढवलेला भोंगा नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून. मी कानात कापूस घालून प्रमेयं घोकत होते. बाबा उठले, चपला घातल्या आणि गेले. थोड्या वेळाने भोंगा गप्प झाला. नंतर कळलं ते असं, की बाबांनी स्वतः शिडी लावून तो खाली घेतला. नवरीचा मामा भडकला होता. “शेट, आमी गिऱ्हाईक हाव का दुश्मन?” “गिऱ्हाईक आहात. पण माझ्या पोरीचा उद्या भूमितीचा पेपर आहे.” ते घर नंतर कधी आमच्याकडे मांडवाला आलं नाही. बाबांना त्याचं काही वाटलं नाही, मला मात्र भूमितीत चांगले मार्क मिळवावेच लागले.

धंद्यात त्यांची एक पद्धत होती, आणि ती पंचक्रोशीत कुणाचीच नव्हती. मांडव घालायला ते जायचे नाहीत. ते काम बाळारामचं. बाळाराम म्हणजे आमचा मुकादम, उलव्याकडच्या एका गावचा, बाबांच्या पहिल्या बांबूपासून बरोबर असलेला. पण मांडव काढायला बाबा स्वतः जायचे. त्यांचं म्हणणं, घालताना घरात गडबड असते, पोरं खांब धरायला धावतात, कुणीतरी सरबत आणून देतं. काढताना पाहुणे गेलेले असतात, नवरीही गेलेली असते, तिचे आईबाप रिकाम्या अंगणात बसलेले असतात, आणि आपण त्यांच्या डोक्यावरचं कापड काढून न्यायला आलेलो असतो. अशा वेळी मालकाने समोर असावं. ते आधी त्या आईबापांजवळ जाऊन बसायचे, चहा घ्यायचे, मुलगी पोचली का विचारायचे. मग घरातलं कुणीतरी म्हणायचं, “होऊन जाऊ द्या शेट.” तेव्हा बाबा उठायचे, वर बघायचे आणि हाक द्यायचे, “उतरवा!”

ती हाक मी लहानपणी त्यांच्याबरोबर जाऊन कितीदा तरी ऐकली आहे. वर बसलेली माणसं गाठी सोडायची आणि छताचं कापड एका बाजूने सैल होत खाली यायचं. अंगणात एकदम ऊन पडायचं. ते ऊन पाहून नवरीची आई हमखास रडायची.

उत्तम शुक्रवारी मात्र गोडाऊनला कुलूप. तुम्ही ज्याला गुड फ्रायडे म्हणता तो आमचा उत्तम शुक्रवार. मुहूर्त काही आमचं कॅलेंडर बघून निघत नसत, त्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी अडायचं.

“शेट, शुक्रवारची हलद हाय आन तुमी नाय म्हनता?”

“गुरुवारी बांधून देतो, शनिवारी येतो. शुक्रवारी मी देवळात.”

“देव काय पलून जातो का?”

“तो नाही पळत. मीच पळायला बघतो, म्हणून जायचं.”

आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, त्यामुळे समोरच्याला काहीतरी कळल्यासारखं वाटायचं आणि तो गुरुवारवर राजी व्हायचा. त्या शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभूने क्रूसावर जे सात उद्गार काढले त्या प्रत्येकावर मंडळीतला, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांतला, एकेक जण बोलतो. पाचवा उद्गार तहानेचा. तो वर्षानुवर्षं बाबांकडे होता. उद्गार एवढासा, ‘मला तहान लागली आहे’, आणि सगळ्यांत लांब भाषण बाबांचं. ते हमखास मांडवावरून सुरुवात करायचे, एप्रिलच्या उन्हात बांबूवर चढलेल्या माणसाला पाणी कसं लागतं तिथून. लोक घड्याळ बघायचे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, खोकायचे. पण शेवटी त्यांचा आवाज चिरकायचा आणि मग कुणी घड्याळ बघायचं नाही.

त्या शेवटच्या वर्षी लेंट सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. उलव्याच्या बाजूला एका घरचा मांडव काढायचा होता. बाबा नेहमीसारखे नवरीच्या वडिलांशेजारी बसले, उठले, वर बघितलं. बाळाराम सांगतो, “शेट बोलले, उतरवा. आन तितंच खाली बसले. मना वाटला चक्कर आली.” चक्कर नव्हती. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात, उजवा पाय गेला. आणि बोलणं गेलं.

सगळं बोलणं गेलं नाही, तेच वाईट झालं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी आईकडे बघितलं, ओठ जुळवले, खूप जोर लावला, आणि स्पष्ट म्हणाले, “उतरवा.” आम्हाला आनंदाने रडूच आलं. वाटलं, बाकीचं मागून येईल. बाकीचं आलंच नाही. पाणी हवं असलं तरी उतरवा, नको असलं तरी उतरवा. पाळकसाहेब भेटायला आले, आमच्या रीतीप्रमाणे “सलाम, शमुवेलभाऊ” म्हणाले, तर बाबांनी डावा हात छातीशी नेऊन त्यांना सांगितलं, “उतरवा.”

स्पीच थेरपीच्या मॅडम घरी यायच्या. तरुण, समजूतदार, घाम पुसत जिना चढायच्या. त्यांनी सांगितलं, असं होतं. जो शब्द जिभेच्या सवयीचा असतो तो कधीकधी एकटाच उरतो. माणूस मनात काहीही म्हणत असेल, बाहेर तोच येतो. त्याला अर्थ असेलच असं नाही. मी मान हलवली. मी शाळेत मराठी शिकवते. एका शब्दाचे निरनिराळे अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न मी दर परीक्षेत घालते. अर्थच नसलेल्या शब्दाचा वाक्यात उपयोग कसा करायचा, ते मला माहीत नव्हतं.

पण बाबांच्या शब्दाला अर्थ आहे असंच वाटायचं. साध्या गरजा तर वेगळ्या कळायच्या. पाण्याचं ‘उतरवा’ चिडकं असायचं, कूस बदलण्याचं कण्हत यायचं. पण एक ‘उतरवा’ निराळं होतं. ते संध्याकाळी यायचं, ऊन कलल्यावर. बाबा आधी आमच्यापैकी एकीचं मनगट धरायचे, आमच्या डोळ्यांत बघायचे आणि अगदी हळू, व्यवहाराचं बोलावं तसं म्हणायचे. आम्ही विचारायचो, “काय उतरवू, बाबा?” ते पुन्हा म्हणायचे. त्यांना काहीतरी करून हवं होतं, नक्की काहीतरी, आणि ते आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं.

आम्ही जमेल ते उतरवलं. भिंतीवरचं घड्याळ काढून हातात दिलं, त्यांनी बाजूला सारलं. माळ्यावरच्या ट्रंका खाली घेतल्या. पंख्याचा वेग उतरवला. पलंगावरून उचलून जमिनीवर गादीवर ठेवलं, तर बिचारे माझ्याकडे असे बघत राहिले, की मीच आजारी आहे आणि ते माझी समजूत काढताहेत. मी कागद-पेन घेऊन बसले, वाटलं, उतरवून घे म्हणत असतील, लिहून घे. तासभर बसले. कागदावर तारीख तेवढी होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, अहो, दृष्ट उतरवा म्हणताहेत ते, आणि मीठ-मोहऱ्या घेऊन दारात आल्या. आई एरवी असल्या गोष्टींना दारातसुद्धा उभं करायची नाही. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि काकूंचं होईपर्यंत बाहेर आली नाही.

बाळारामला वेगळीच खात्री होती. विमानतळासाठी त्याचं गाव उठत होतं. घरं खाली करायची होती, नाहीतर पाडायला मशीन येणार होतं. तो बाबांच्या पायाशी उकिडवा बसला आणि आईला म्हणाला, “वहिनी, शेट माझे घराचं बोलतान. मना सांगितलेलं, बाला, तुझा घर मीच उतरवून देन, एक वासा मोडू देनार नाय.” आणि त्याने बाबांना विचारलं, “तेच ना, शेट?” बाबांनी त्याच्याकडे खूप मायेने बघितलं. “उतरवा,” ते म्हणाले. बाळाराम रडायला लागला. मग बाबांनी मान वळवली, माझं मनगट धरलं आणि तेच पुन्हा सांगितलं. म्हणजे ते नव्हतं. किंवा नुसतं तेवढं नव्हतं.

कुणीतरी सांगितलं, बोलणं गेलेली माणसं गाऊ शकतात. मंडळीतले लोक तबला-पेटी घेऊन आले. बाबांची आवडती उपासाच्या दिवसांतली भजनं एकामागून एक झाली. बाबा डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत होते आणि तोंड बंद ठेवून होते. सगळे उठून गेल्यावर आई भांडी घासताना मोठ्याने देवाशी भांडली. ती म्हणाली, “तुला इतकी वर्षं ऐकवलं त्यांनी. एवढं एक वाक्य परत दिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?” मी ऐकलं नाही असं दाखवलं. माझीही तीच तक्रार होती.

उत्तम शुक्रवार आला. बाबांना देवळात नेऊ नये असं माझं मत होतं. आई म्हणाली, ते गेले नाहीत असं कधी झालं नाही. पांढरा सदरा घालून, चाकाच्या खुर्चीत बसवून आम्ही त्यांना पुढच्या बाकाशेजारी नेलं. बाहेर ऊन रणरणत होतं. आत त्या दिवशी घंटा वाजत नाही, फुलं नसतात, वेदीवर काळं कापड आणि मागे मोठा लाकडी क्रूस. पहिले चार उद्गार झाले. मग पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, “पाचवा उद्गार शमुवेलभाऊंचा. यंदा आपण तो शांततेत ऐकू.”

पंखे फिरत होते. सगळं देऊळ गप्प बसलं. बाबा समोर क्रूसाकडे बघत होते. आणि त्या शांततेत ते म्हणाले, “उतरवा.” मग पुन्हा, मोठ्याने, अगदी अंगणात उभं राहून द्यायचे तशी हाक, “उतरवा!”

मागून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. पाळकसाहेब मटकन खाली बसले. समोर क्रूस, आणि हा माणूस सांगतोय, त्याला खाली घ्या. नंतर कितीजण मला नाव घेऊन म्हणाले, सुवार्ता, तुझ्या बाबांनी आजवर इतकी भाषणं केली, पण असं नाही केलं. मी त्यांना काय सांगणार? आईने त्याच वेळी त्यांच्या मांडीखाली हात घातला होता. मग माझ्याकडे बघितलं आणि आपला पदर त्यांच्या मांडीवर पसरला. खुर्ची ओली होती. त्यांना खुर्चीतून उतरायचं होतं, इतकंच. सगळ्या मंडळीसमोर त्यांनी दोनदा सांगितलं आणि आम्ही सगळे भारावून बसलो.

घरी आणून आम्ही त्यांना धुतलं, पुसलं, कोरडं केलं. मला वाटलं, आता तरी सुटलं कोडं, इतके दिवस बहुधा हेच म्हणत होते. पण संध्याकाळ झाली, ऊन कललं, आणि त्यांनी आईचं मनगट धरलं. तेच हळू, व्यवहाराचं ‘उतरवा’. आई दमलेली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने ‘काय’ असं विचारलं नाही. ती पलंगावर त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, “हो. उतरवते. मी सांगते ना तुम्हाला, मी उतरवते.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मग त्यांनी तिचं मनगट सोडलं आणि डोळे मिटले.

त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. तो एक शब्दही नाही. पाणी हवं असलं की नुसते बघायचे. मॅडम म्हणाल्या, अशक्तपणा वाढला की तेही जातं. असेल. पण मला आजही वाटतं, शब्द पोकळ असता तर ‘हो’ ऐकून थांबला कसा असता? त्यांचं काम झालं होतं. ते त्यांनी आईवर सोपवलं होतं. आणि ते काय होतं, ते आईला माहीत नव्हतं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, बाबा प्रभूमध्ये झोपी गेले. कबरस्तानात गावागावांतली माणसं आली होती, ज्यांच्या दारात त्यांनी मांडव घातले ती. शवपेटीचे दोर धरायला बाळाराम आणि आमचीच माणसं होती, इतर कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. प्रार्थना झाली. आणि कुणीतरी, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, दोर धरणाऱ्यांना म्हणालं, “उतरवा, सावकाश.” बाळारामचे हात थांबले. सगळ्यांचेच थांबले. पेटी तशीच अधांतरी. मग आईने मान हलवली आणि त्यांनी दोर सोडला. घरी आल्यावर मी तिला विचारलं, “आई, हेच असेल का गं?” ती म्हणाली, “हे तर न सांगताही झालंच असतं. याच्यासाठी ते माझा हात कशाला धरतील?”

तेव्हापासून आई ते शोधते आहे. कुणी विचारलं तर मान्य करणार नाही, पण शोधते आहे. त्या पावसाळ्याआधी तिने गोडाऊनची सगळी माणसं बाळारामच्या गावी पाठवली आणि त्याचं घर कौल न कौल, वासा न वासा उतरवून घेतलं. नव्या जागी त्याच्या घराला जुनंच दार आहे. गरिबाघरच्या लग्नाला भाडं उतरवलं. हातातल्या बांगड्या उतरवून ठेवल्या आणि पुढच्या नाताळला पुन्हा घातल्या, म्हणाली, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नसतं. मांडव काढायला आता ती स्वतः जाते, गुडघे दुखत असताना, टेम्पोत पुढे बसून. आईबापांजवळ बसते, चहा घेते. हाक मात्र बाळाराम देतो. तिला ती देववत नाही.

आणि मग तिने थोरल्या काकांना बोलावलं. बाबांचे मोठे भाऊ, नगरकडे असतात. दोघं भाऊ किती वर्षं बोलत नव्हते. भांडण जमिनीचं नव्हतं, पाण्याचं होतं, म्हणजे बाप्तिस्म्याचं. आमच्या मंडळीत बाळपणीच डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होतो. काका पुढे दुसऱ्या मंडळीत गेले, ते डुबकीवाले. त्यांच्यात मोठेपणी पूर्ण पाण्यात बुडवून घेतात, आणि आधीचा बाप्तिस्मा धरत नाहीत. काका बाबांना म्हणाले होते, तुझा झालेलाच नाही. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. आईच्या मनात आलं, पूर्वी काका यायचे तेव्हा बाबा मला सांगायचे, स्टँडवर जा, काकांना उतरवून घे. तेच असेल. म्हणून मी पनवेल स्टँडवर गेले आणि काकांना एसटीतून उतरवून घेतलं.

आईने त्यांना सगळं सांगितलं. काका ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा पालटत गेला. हातातला चहा तसाच राहिला.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुम्हाला अजून नाही कळलं? तो पाण्यात उतरवा म्हणत होता. त्याला बाप्तिस्मा घ्यायचा होता. मरायच्या आधी त्याला पटलं होतं.”

आईने त्यांच्या हातातला गार चहा काढून घेतला. मला काकांचा संताप आला, आणि लगेच कीवही आली, कारण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनाही त्या शब्दात स्वतःचं नाव ऐकायचं होतं. “मला फोन केला असता तर मी उडत आलो असतो,” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आता बाबा कबरेत होते आणि त्यांना कुणी कुठल्याच पाण्यात उतरवू शकत नव्हतं. काका गेल्यावर आई मला म्हणाली, “हे नाहीच. तुझे बाबा आपल्या बाप्तिस्म्याबद्दल ठाम होते.” पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच रिक्षाने गाढी नदीवर गेली. परत आली तेव्हा साडीचा काठ ओला होता. “घोट्यापर्यंत उतरले,” ती म्हणाली. “त्यांच्या वतीने. पुढचं देव बघून घेईल.” हे पाळकसाहेबांना सांगू नकोस, असंही म्हणाली. मी आजवर सांगितलेलं नाही.

परवाच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे उत्तम शुक्रवाराआधीच्या रविवारी, देवळातून आल्यावर आई थेट गोडाऊनमध्ये गेली आणि सतरंज्यांच्या थप्पीवर बसली. हातात देवळात मिळालेली झावळी तशीच. मी शेजारी बसले. बाहेर बाळाराम कुणाला तरी फोनवर सांगत होता, शुक्रवारी नाय जमनार, गुरुवारी बांधून देतो. धंद्याचा नियम अजून तोच आहे.

“सुवार्ता,” आई म्हणाली. पूर्ण नाव घेतलं की मला भीती वाटते. “माझे गुडघे काही आता ऐकत नाहीत. माझ्याच्यानं नाही झालं, तर ते तू करशील ना?”

“काय, आई?”

“ते. त्यांचं राहिलेलं.”

“पण काय राहिलंय ते आपल्याला कुठे ठाऊक आहे?”

“म्हणूनच तर राहिलंय.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. मॅडमनी जे सांगितलं ते, आणि तू केलंस तेवढं पुरे, आणि आता हे सोड. मी तोंड उघडलंसुद्धा. पण आई माझ्याकडे बघत होती आणि तिला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले. “करीन.”

तिने लांब श्वास सोडला, भिंतीला हात टेकून उठली आणि चहा ठेवायला घरी गेली. किती दिवसांनी मी तिला इतकं मोकळं चालताना बघितलं. मी तिथेच बसून राहिले. समोर कापडांचे गठ्ठे, खुर्च्यांचे मनोरे, छतापर्यंत लावलेले बांबू. कुठून सुरुवात करायची? “काय उतरवू, बाबा?” मी विचारलं. त्या लेंटमध्ये हे आम्ही त्यांना रोज विचारायचो. तेव्हा निदान उत्तर तरी यायचं. तेच एक, पण यायचं.